कान, तोल आणि कंपवात

— द्वितीय वर्ष कला

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण मराठी शाळेत घोकून पाठ केली. त्या यादीत एका इंद्रियाचे नाव नव्हते. पण त्याच्यावाचून आपल्याला अंथरुणातून उठून सरळ उभेसुद्धा राहता येणार नाही. ते म्हणजे तोलाचे इंद्रिय. त्याचा मुक्काम कानातच, ऐकण्याच्या भागाला लागून, कवटीच्या हाडात खोलवर असतो. ते आपले काम इतक्या मुकाट्याने करते, की बिघडल्याशिवाय कोणाला त्याची आठवण होत नाही. या इंद्रियाला बाहेरून हलकी चालना देऊन कंपवाताच्या रोग्याचे उभे राहणे आणि चालणे सुधारता येईल काय, हा प्रश्न आज निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ तपासून पाहत आहेत.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अशा मुलाकडे वाडीतील माणसे विजेचे बिल, तलाठ्याचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी असे काहीही वाचून घ्यायला येतात. आमच्या वाडीत एका आजोबांना कंपवात आहे. गोळीने त्यांच्या हाताचा कंप पुष्कळ उतरला, अंगाचा ताठरपणा कमी झाला. पण वळताना ते पडतात ते पडतातच. "हात थांबला, मग मी पडतो कशाला रे?" असे त्यांनी मला विचारले. चिठ्ठीत त्याचे उत्तर नव्हते. ते शोधताना जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे मांडतो.

रोग आणि त्याची गोळी

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या रोगावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात अवघ्या सहा रोग्यांचे वर्णन आहे, आणि त्यांतील काही जण तर त्याने रस्त्यात पाहिलेले होते. हात स्वस्थ असताना त्याला येणारा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि भरभर पडणारी आखूड पावले हे त्याने अचूक टिपले. पुढे पॅरिसचे विख्यात डॉक्टर शारको यांनी या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. आपल्याकडील आयुर्वेदात कंपवात हा शब्द आहेच.

रोगाचे मूळ हातात नसून मेंदूत आहे. मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात, आणि हालचाल सुरू करणे व ती सहजपणे पार पाडणे या कामी ते रसायन लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. रोग बाहेर दिसू लागतो तेव्हा त्यांतील मोठा हिस्सा आधीच नष्ट झालेला असतो.

या शोधाच्या कथेत आपल्या मातीतील दोन वनस्पती आहेत. पहिली सर्पगंधा. तिच्या मुळांतून काढलेले रिसर्पिन हे द्रव्य स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल होऊन बसले. मग त्यांना डोपामीनचे पूर्वरूप असलेले लेव्होडोपा दिल्यावर ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. हा प्रयोग १९५७ सालचा; २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी वनस्पती खाजकुइली. आपल्या कुंपणावर वाढणारी, जिच्या शेंगेची लव अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते, ती हीच. तिच्या बियांत लेव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते बियांतून वेगळे काढले होते. पण त्या वेळी त्याचा कंपवाताशी असलेला संबंध जगात कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि १९७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग्यांना त्याचा उपयोग होतो, असे त्यांना आढळले. (मात्र एवढे वाचून कोणी कुंपणावरच्या शेंगा वाटून घेऊ नयेत. चूर्णात औषध किती उतरले ते घरी मोजता येत नाही, आणि गोळीत तेच औषध असल्यामुळे दोन्हींची मात्रा एकत्र होऊन अपाय होऊ शकतो.)

आज कंपवातावरचे मुख्य औषध लेव्होडोपाच आहे. ते ताठरपणा उतरवते, मंदावलेली हालचाल मोकळी करते, अनेकांचा कंपही कमी करते. पण रोग पुढे सरकल्यावर जो तोल जातो, त्यावर या गोळीचा फारसा इलाज चालत नाही. कारण तोलाचा कारभार एकट्या डोपामीनवर चालत नाही. त्यासाठी मेंदूच्या देठातील आणखी काही पेशी आणि आणखी काही रसायने लागतात, आणि कंपवातात त्यांचीही हानी होते. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. हात थांबवणारी गोळी आणि पाय सावरणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन साक्षीदार

ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. आपले शरीर सरळ आहे की कललेले, हे मेंदूला तीन साक्षीदार सांगतात. पहिले डोळे. दुसरे तळपाय, सांधे आणि स्नायू. जमीन कोणत्या बाजूला दाबते आहे ते त्यांना कळते. तिसरा साक्षीदार कान.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्यामुळे तेथील बारीक केसांसारखे तंतू वाकतात. हीच वळण्याची खबर. शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चुन्याच्या जातीचे अतिसूक्ष्म खडे एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. डोके कलले की ते खडे घसरू पाहतात, आणि खाली कोणती बाजू आहे ते मेंदूला समजते.

गौरीगणपतीत फुगडी घातलेल्या प्रत्येकाने या नळ्यांचा प्रयोग स्वतःवर करून पाहिलेला आहे. फुगडी थांबते, पाय थांबतात, पण घर मात्र गरगरत राहते. कारण नळ्यांतला द्रव अजून फिरत असतो आणि कान खोटी साक्ष देत असतो. आंबा घाटात गाडी लागते, तीही या साक्षीदारांच्या भांडणामुळेच. डोळे समोरच्या सीटकडे पाहून म्हणतात, सारे स्थिर आहे. कान म्हणतो, आपण वळणामागून वळण घेत आहोत. मिऱ्याच्या समुद्रात होडीवर उभा राहून जाळे ओढणाऱ्या खलाशाचा मेंदू हेच भांडण रोज मिटवायला शिकलेला असतो.

कंपवातात मुख्य अडचण येते ती बहुधा या साक्षी एकत्र करून लगेच निवाडा देण्यात. रोगी मग डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवतो. म्हणून अंधारात, अरुंद दारात किंवा एकदम मागे वळताना त्याचा घात होतो. येथेच शास्त्रज्ञांच्या मनात एक विचार आला. कानातील तोलाच्या इंद्रियापासून निघणारी मज्जा थेट मेंदूच्या देठात जाते आणि तेथून तिचे धागे लहान मेंदूकडे व हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागांकडे पोचतात. मग औषधाने जेथे पोचता येत नाही, तेथे कानाच्या या वाटेने पोचता येईल काय?

शारको यांची हलती खुर्ची

या विचाराचा एक पूर्वज फार जुना आहे. कंपवाताचे रोगी आगगाडीचा किंवा घोडागाडीचा खडखडाटी प्रवास करून आले, की त्यांना काही काळ बरे वाटते, हे शारको यांच्या ध्यानात आले. निरोगी माणसाचे अंग ज्या प्रवासाने आंबते, त्याच प्रवासाने रोगी मात्र हलका होई. तेव्हा त्यांनी हादरे देणारी एक खुर्ची तयार करवली आणि रोग्यांना तीत रोज अर्धा तास बसवू लागले. १८९२ साली त्यांनी या उपचारावर व्याख्यान दिले. रोग्यांना मोकळे वाटते, झोप चांगली लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढच्याच वर्षी शारको वारले आणि ही खुर्चीही विस्मृतीत गेली.

शतकानंतर शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी हा प्रयोग नव्याने केला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी रोग्यांचे दोन गट केले. एका गटाची खुर्ची हादरत असे. दुसऱ्या गटाला तशाच खुर्चीत बसवून नुसते शांत करणारे आवाज ऐकवीत. महिनाभर रोज हा उपचार चालला. शेवटी तपासले, तर हादऱ्याच्या गटाला बरे वाटत होते, त्यांच्या हालचालीही सुधारल्या होत्या. पण न हादरणाऱ्या खुर्चीतल्या रोग्यांतही तशीच सुधारणा झाली होती! म्हणजे गुण आला होता. तो हादऱ्यांनी मात्र आलेला नव्हता.

येथे कोणी म्हणेल, की मग ते रोग्यांच्या मनाचे खेळ होते. तसेही म्हणता येत नाही. कॅनडात व्हँकुव्हर येथे २००१ साली संशोधकांनी कंपवाताच्या रोग्यांना औषध नसलेले इंजेक्शन औषध असण्याच्या आशेवर दिले आणि त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. नुसत्या आशेने मेंदूत खरोखरचे डोपामीन स्रवलेले दिसले. इतर रोगांतही आशा कामी येते. पण ज्या रसायनाची उणीव हाच रोग, तेच रसायन आशेने स्रवते, ही कंपवाताची खासियत. त्यामुळे या रोगात प्रत्येक नवा उपचार सुरुवातीला लागू पडल्यासारखाच दिसतो, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कडक असावी लागते.

ऊब आणि वीज

आता कानाकडे येऊ. कानातील तोलाला बाहेरून चालना देण्याच्या दोन मुख्य रीती आहेत.

पहिली तापमानाची. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान पिचकारीने धूत असत. पाणी थंड असले की रोग्याला भोवळ येई आणि त्याचे डोळे एका बाजूला झटके घेत. पाणी फार गरम असले की झटके उलट बाजूला. चुलीवर ठेवलेल्या हंड्यात तापलेले पाणी वर येते आणि थंड पाणी खाली जाते. तसाच प्रवाह कानाच्या नळीतील द्रवात सुरू होतो, हे बारानी यांनी ओळखले. या कामासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते महायुद्धात रशियाचे कैदी होते. त्यांची ही परीक्षा कानाचे डॉक्टर आजही करतात.

त्याच तत्त्वावर आता पाण्यावाचून चालणारे एक यंत्र झाले आहे. गाणी ऐकण्याच्या हेडफोनसारखे ते कानांवर बसते, आणि कानात जाणारे धातूचे लहान तुकडे सावकाश गरम व गार होत राहतात. इंग्लंडमधील केंट विद्यापीठाचे डेव्हिड विल्किन्सन आणि सहकारी यांनी त्याचा कंपवातावरील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून रोग्यांनी आठ आठवडे, दिवसातून दोनदा, घरच्या घरी हे यंत्र लावले. येथेही दोन गट होते, आणि एका गटाला खरा उपचार मिळत नव्हता. खरा उपचार झालेल्या गटाच्या हालचाली आणि इतर तक्रारीही दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारल्या, आणि उपचार थांबल्यावर काही आठवडे हा फायदा टिकला. शारको यांची खुर्ची ज्या परीक्षेत नापास झाली, त्याच परीक्षेत हे यंत्र उतरले, ही मोठी गोष्ट आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोगी पन्नासांच्या आत होते, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा या प्रयोगात सहभाग होता. अशा निष्कर्षावर अनेक ठिकाणच्या, शेकडो रोग्यांवरच्या आणि स्वतंत्र परीक्षांचा शिक्का बसावा लागतो.

दुसरी रीत विजेची. कानामागच्या हाडावर दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवून अत्यंत क्षीण प्रवाह सोडला, की तोलाची मज्जा चाळवते. जपानमध्ये टोकियो विद्यापीठाचे योशिहारू यामामोतो आणि सहकारी यांनी या रीतीने मेंदूच्या ऱ्हासाच्या रोग्यांत, कंपवाताच्या रोग्यांतही, हालचालींत सुधारणा झाल्याचे २००५ साली दाखवले. स्वीडनमधील गॉटेनबर्गच्या संशोधकांनी २०१५ साली मोजक्या रोग्यांवर तोलाचीच परीक्षा घेतली आणि आशादायक निष्कर्ष सांगितला. यात गंमत अशी, की सोडलेला प्रवाह एकसारखा नसतो. रेडिओचे स्टेशन लागले नाही म्हणजे जशी खरखर येते, तसा तो वेडावाकडा असतो. खरखरीने नीट कसे होईल, असे वाटेल. पण चाळणीत पीठ अडते तेव्हा आपण चाळणीला हलकी थाप देतो. थाप म्हणजे काही पीठ नव्हे. पण थापेने अडलेले पीठ खाली उतरते. तशीच ही खरखर, उंबरठ्याशी अडून राहिलेल्या कानाच्या क्षीण खबरांना मेंदूत पोचवते, असा तर्क आहे.

हे वाचून कोणी घरी कानात गरम पाणी घालू नये किंवा विजेचा खेळ करू नये. कानाच्या पडद्याला इजा होईल, भोवळ येऊन पडणे होईल, आणि ज्या पडण्यापासून वाचायचे तेच पदरी येईल.

पुण्यातील नाच

यंत्र आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर तोलाला चालना द्यायचे दुसरे साधन नाही, असे मात्र नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ ही रोग्यांची आणि त्यांच्या नातलगांची संस्था आहे. त्याच पुण्यात कथक आणि समकालीन नृत्य शिकलेले हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रोग्यांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असे वर्ग चालवले आहेत. नाचात माणूस वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेतो, वळतो, मान फिरवतो, थांबतो. म्हणजे डोळे, पाय आणि कान या तिन्ही साक्षीदारांना तो पुन्हा एकत्र काम करायला लावतो. वर तालाची मदत असते. जो रोगी जागच्या जागी खिळून राहतो, तो ठेका ऐकला की पाऊल उचलतो, हे अनेकदा दिसून आलेले आहे.

आपल्या रत्नागिरीकरांना हे पटायला जड जाऊ नये. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवताना, किंवा जाखडीत वर्तुळात फिरताना, ढोलाचा ठेका पावलांना कसा सांभाळून घेतो ते आपण पाहिलेले आहे. कंपवाताच्या रोग्याने पालखी नाचवावी, असे मला म्हणायचे नाही. पण डॉक्टरांच्या व व्यायामतज्ज्ञांच्या सल्ल्याने, कोणीतरी शेजारी उभे राहून, ठेक्यावर पावले टाकण्याचा सराव वाडीतही होऊ शकतो. वळताना एका पायावर गर्रकन न फिरता मोठा फेर घेणे, रात्री पडवीत दिवा ठेवणे, उंबरठ्यावरची पायपोसे उचलणे यांना तर पैसाही पडत नाही.

गुण कशाने आला?

'गुण आला' हा आपल्या बोलीतला मोठा गोड शब्दप्रयोग आहे. कोणी गोळी घेतो, कोणी काढा घेतो, कोणी गाऱ्हाणे घालतो. गुण आला, की त्याचे श्रेय ज्याचा हात शेवटी लागला त्याला जाते. ज्याला गुण आला त्याला पुढचे काही विचारायची गरज वाटत नाही, आणि ते साहजिकही आहे. पण एकाला आलेला गुण दुसऱ्याला सांगायचा असेल, त्यासाठी त्याला पैसे आणि आशा खर्च करायला लावायची असेल, तर मात्र गुण कशाने आला हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. खुर्ची न हादरवताही तेवढेच बरे वाटले असते काय? या एका प्रश्नाने शारको यांच्यासारख्या थोर डॉक्टराचा उपचार बाजूला ठेवला, आणि त्याच प्रश्नाने कानाच्या यंत्राला पुढच्या परीक्षेला बसायचा हक्क दिला.

कानाच्या वाटेने कंपवातावर इलाज होईल, असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. होणार नाही, असेही म्हणता येत नाही. वाट आहे, आणि ती आत कोठवर जाते हे काही जण धीराने मोजत आहेत. तोवर आपल्यासारख्या दोन अक्षरे शिकलेल्या मुलांना एवढे करता येईल. कोणी नव्या यंत्राची किंवा रामबाण औषधाची जाहिरात घेऊन दारी आला, तर ती नीट वाचून दाखवावी, आणि पैसे देण्यापूर्वी त्याला विचारावे, "दुसऱ्या गटाला काय झाले?"